पहिल्या तारखेचा वारा

मित्रांनो, जरा मान वर करा. अजून थोडी. वाचनालयाचे उतरते छप्पर संपते तिथे एक पांढरा लाकडी मनोरा आहे, आणि त्या मनोऱ्याच्या टोकाला, लोखंडी दांड्यावर, एकटाच उभा आहे तो मी. मी एक जुना तांब्याचा वातकुक्कुट आहे. वारा जिकडून येईल तिकडे चोच करायची, एवढेच माझे काम. कोंबडा म्हटला की तुम्हाला छाती काढून चालणारा, सगळ्या गल्लीला दम देणारा कोणीतरी आठवेल. मी तसा नाही. मी पहिल्यापासून भित्रा आहे. मला उंचीची भीती वाटते, विजेची वाटते, माझ्या डोक्यावर येऊन बसणाऱ्या कावळ्यांची तर फारच वाटते. आणि अशा प्राण्याला नशिबाने नेमके गावातल्या सगळ्यांत उंच जागी नेऊन बसवले आहे!

माझा जन्म जर्मनीतला. हाइडनफुर्ट नावाचे एक जुने शहर आहे. नदीचे वळण, त्याला लागून दगडी तट, आत लाकडी चौकटींची एकमेकांना टेकलेली घरे. त्या शहराच्या वेशीच्या मनोऱ्यावर बसवायला तिथल्या एका तांबटाने मला घडवले. पुण्याच्या तांबट आळीत जशी ठोकाठोक चालते असे सुमित्राकाकू सांगतात (त्या पुढे भेटतीलच), तशीच तिथेही चालत असे. लाकडी साच्यावर तांब्याचे दोन पत्रे ठोकून माझ्या दोन बाजू केल्या आणि मग त्या जोडल्या. माझ्या पाठीवरून पोटापर्यंत अजून ती शिवण आहे. ज्या दिवशी मला दोरीने वर चढवले त्या दिवशी खाली सगळे शहर टाळ्या वाजवत होते आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, नका रे, मला खालीच राहू द्या.

तिथे मी दोनशेहून अधिक वर्षे काढली. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखे खूप आहे, पण शेवटची एक सकाळ आठवली की बाकीचे सगळे पुसून जाते. युद्ध चालू होते. आकाशात विमाने आली. मी वाऱ्याकडे बघणारा, त्यामुळे ती मला सगळ्यांच्या आधी दिसली आणि मला ओरडता आले नाही. थोड्या वेळाने खालची घरे पेटली. आगीचा वारा वेगळाच असतो, तो कोणत्याच दिशेने येत नाही, खालून येतो. मी गरगर फिरत राहिलो आणि मग मनोऱ्यासकट कोसळलो. तीन दिवस मी राखेत पडून होतो. माझे शेपूट त्या दिवशी काळे पडले ते आजही तसेच आहे. मित्रांनो, त्या तीन दिवसांनंतर मी कधीच पुरता धीट झालो नाही, आणि होईन असे वाटतही नाही.

आता मी अमेरिकेत कसा आलो ते सांगतो. इलिनॉयमध्ये मक्याच्या शेतांच्या मधोमध मेपल बेंड नावाचे हे गाव आहे. इथल्या पुष्कळ घरांचे आजे-पणजे हाइडनफुर्टहून आलेले. युद्धात ही दोन गावे एकमेकांची शत्रू होती. पण युद्ध संपल्यावर मेपल बेंडच्या लोकांनी खोकी भरायला सुरुवात केली. दुधाची भुकटी, ब्लँकेटे, लोकर, मुलांचे बूट. हाइडनफुर्टच्या पालिकेत एक कारकून होते, त्यांच्या सहा वर्षांच्या इर्मगार्डला त्यातलेच लाल बूट मिळाले. ते तिला दोन मापे मोठे होते. बोळे कोंबून तिने ते तीन हिवाळे घातले. ही इर्मगार्ड लक्षात ठेवा, ती पुढे परत येणार आहे.

१९५६ साली दोन्ही गावांनी एका कागदावर सह्या केल्या आणि ती जुळी गावे झाली. दर दहा वर्षांनी तो कागद पुन्हा वाचायचा आणि पुन्हा सह्या करायच्या असे ठरले. भेट म्हणून द्यावे असे हाइडनफुर्टकडे त्या वेळी फारसे काही उरलेले नव्हते. मग त्यांनी मला दिले. माझ्याच जुन्या साच्यावर त्यांनी स्वतःसाठी नवा कोंबडा ठोकून घेतला. तो माझा भाऊ. आम्ही एकमेकांना पाहिलेले नाही. पेंढ्याने भरलेल्या पेटीतून, बोटीच्या पोटात, मी तेरा दिवस घाबरत घाबरत इकडे आलो.

पण आम्हा भावांची रोजची नसली तरी महिन्याची खबरबात आहे, आणि ती या दोन गावांची एक गमतीदार रीत आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, दुपारी बारा वाजता, दोन्ही गावांत एक माणूस आपापल्या कोंबड्याखाली उभा राहतो, वर बघतो, आणि वारा कुठला आहे ते एका पोस्टकार्डावर लिहून दुसऱ्या गावाला पाठवतो. बस, एवढेच. ‘मेपल बेंड. पहिली मे. नैर्ऋत्य.’ आलेले कार्ड वहीत उतरवून ठेवायचे. वहीत दोन रकाने, एक माझा आणि एक माझ्या भावाचा. अशा सात वह्या खाली काचेच्या कपाटात आहेत. या वाऱ्याचा कोणालाच काही उपयोग नाही. पण शत्रू होतो तेव्हा आपण एकमेकांकडे बघितलेच नाही, आता निदान महिन्यातून एकदा मान वर करू, असे ज्यांनी ही रीत घातली त्यांनी पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहे.

सुरुवातीला माझे किती कौतुक झाले म्हणून सांगू! बँड वाजले, तिकडची मंडळी पाहुणी म्हणून आली, शाळेतल्या मुलांनी माझी चित्रे काढली. मग वर्षे गेली. ज्यांनी खोकी भरली ते गेले, त्यांची मुले मोठ्या शहरांत गेली. वारा आता फोनवर दिसू लागला. जुळ्या गावांच्या समितीत तीस माणसे होती, ती दहा झाली, मग तीन. आणि पोस्टकार्ड लिहिणारे आजोबा वारले तेव्हा पुढचे कार्ड कोण लिहिणार हा प्रश्नच पडला.

तेव्हा गुरुनाथकाका आले. गुरुनाथ आजगावकर, मूळचे मालवणचे, इथल्या पंपांच्या कारखान्यात तीस वर्षे इंजिनिअर होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. समितीला चिटणीस हवा म्हणून वाचनालयात चिठ्ठी लावलेली त्यांनी वाचली आणि नाव दिले. सुमित्राकाकू त्यांच्या पत्नी. त्या माझ्या खालच्या बाकावर बसून म्हणाल्या होत्या, ‘‘लोक रिटायर झाल्यावर देवळात जातात, हे कोंबड्याकडे जातात. काय बोलायचं?’’ त्या बाकावर बसून काकू पुण्याच्या बहिणीशी, शुभामावशीशी, तास तास फोनवर बोलतात. अकरा वर्षे मी ते बोलणे ऐकतो आहे. मी मराठी शिकलो तो असा. तुम्हाला ही गोष्ट मराठीत सांगतो आहे, त्याचे श्रेय काकूंच्या फोनला.

माझा दांडा मनोऱ्यातून खाली उतरून सभागृहाच्या तुळईत रुतलेला आहे. त्यामुळे खाली कोणी काही बोलले की ते लोखंडातून माझ्यापर्यंत चढते. गावच्या सभा, मुलांचा गोष्टींचा तास, सगळे मला ऐकू येते. ऐकू येते आणि काही करता येत नाही. भित्र्या माणसाला यासारखी शिक्षा नाही.

आता खरी गोष्ट सुरू होते. ज्या खुंटावर मी फिरतो त्याला वर्षातून एकदा वंगण लागते. ते हाइडनफुर्टहून येते, निळ्या डबीत. ऑगस्टमध्ये एक दिवस तासाभरासाठी पालिकेचा क्रेनचा ट्रक मिळतो, त्याच्या पाळण्यात बसून काका वर येतात, माझी धूळ पुसतात, वंगण घालतात आणि मला थोपटून खाली जातात. गेल्या ऑगस्टमध्येही ते आले. पण तो दिवस जरा गडबडीचा होता. काका-काकू सकाळीच शिकागोला डेव्हन ॲव्हेन्यूवर भारतीय किराणा आणायला गेले होते आणि तिथून परस्पर इकडे आले होते. पाळणा वर आला, काकांनी खिसे चाचपले, आणि निळी डबी घरी राहिलेली.

काका वाकून खाली ओरडले, ‘‘सुमित्रा! गाडीत ऑइलसारखं काही आहे का? डबी घरी राहिली!’’

‘‘खोबरेल आहे आत्ताच घेतलेलं!’’

‘‘दे पाठवून. तेल ते तेल. ट्रक पुन्हा वर्षभर मिळायचा नाही.’’

पाळणा खाली गेला, वर आला, आणि काकांनी माझ्या खुंटात ती बाटली चांगली अर्धी ओतली. मित्रांनो, खोटे कशाला बोलू, मला फार छान वाटले. ऑगस्टचे ऊन होते. तेल सुळकन आत उतरले. वासही किती चांगला! दोन महिने मी असा हलका फिरलो की कावळ्यांनाही माझ्यावर बसता येईना.

ऑक्टोबरच्या शेवटी थंडी पडली. एका सकाळी वारा पूर्वेचा होता, मी तिकडे चोच करून उभा होतो. दुपारी वारा बदलला. मी वळायला गेलो आणि वळता येईना.

मी पुन्हा जोर केला. काहीच नाही. कोणीतरी पाय धरून ठेवल्यासारखे झाले होते. मला वाटले, संपले. दोनशे ऐंशी वर्षांचा झालो, आता हातपाय गळाठले. म्हातारपण असे एका दुपारी येते हे मला ठाऊक नव्हते. आतल्या आत मी इतका हादरलो की शेपटाचा पत्रा थरथरू लागला. तुम्हाला कळले असेल माझ्या खुंटात काय झाले ते. मला कळले नव्हते. आणि काकांनाही नाही.

पहिल्या नोव्हेंबरला काका बारा वाजता आले, वर बघितले आणि लिहिले, ‘पूर्व’. पहिल्या डिसेंबरला लिहिले, ‘पूर्व’. पहिल्या जानेवारीला काकूही बरोबर होत्या. कानटोपी, वर मफलर, नाक लाल झालेले. वाचनालयाच्या दारात एक झेंडा आहे. काकूंनी एकदा त्याच्याकडे बघितले, एकदा माझ्याकडे.

‘‘अहो, हा झेंडा पूर्वेकडे फडफडतोय आणि तुमचा कोंबडाही पूर्वेकडेच बघतोय. हे उलटं नको का?’’

‘‘अगं, झेंडा खाली आहे. वर वारा वेगळा असतो. टर्ब्युलन्स असतो.’’

‘‘असेल बाई. तुम्ही इंजिनिअर.’’

काकांनी लिहिले, ‘पूर्व’. मी वरून जीव तोडून सांगत होतो, काका, काकूंचे ऐका! पण माझा आवाज कधी कोणाला गेला आहे?

खरी भीती पुढे होती. मित्रांनो, मी फिरतो तेव्हा वारा माझ्या बाजूंवरून निसटून जातो. मी फिरलो नाही, तर उत्तरेचा वारा सरळ माझ्या अंगावर येऊन आपटतो. मग दांडा वाकतो, तुळई कुरकुरते. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात तसा वारा आला. सकाळचे अकरा वाजले होते. खाली गोष्टींचा तास संपला होता आणि मुले अंगणातून आपापल्या आयांकडे धावत होती. रंगीत टोप्या मला वरून दिसत होत्या. वारा मला मागे रेटत होता, सोडत होता, पुन्हा रेटत होता. माझ्या पायाशी दिशांची चार पितळी अक्षरे आहेत. त्यातल्या उत्तरेच्या अक्षराचा खिळा सैल झाल्याचे मला जाणवले. मी काय करणार? मला हात नाहीत. मी देवाचे नाव घेतले, जर्मनमध्ये घेतले, मराठीत घेतले. आणि ते अक्षर सुटले.

ते बाकाच्या पाठीवर आपटले आणि बर्फात घुसले. बाकापासून वीतभर अंतरावर हिरव्या टोपीची एक मुलगी बुटाची नाडी बांधायला वाकली होती. तिला काही झाले नाही. तिने ते अक्षर उचलून आईला दाखवले. आईने तिला छातीशी धरून अंगणाबाहेर नेले. त्या दिवसापासून मला माझ्या स्वतःच्या पडण्याची भीती वाटेनाशी झाली. मी कोणावर पडेन याची वाटू लागली, आणि ही भीती पहिल्यापेक्षा पुष्कळ वाईट असते.

डोना क्लाइन इथल्या नगराध्यक्षा. कामसू बाई, फार बोलत नाहीत. त्यांनी अंगणात दोरी बांधली. पहिल्या फेब्रुवारीला काकांनी दोरीबाहेरून वर बघून पुन्हा ‘पूर्व’च लिहिले. मग डोनाबाईंनी सभा बोलावली. माझ्या दांड्यातून सगळे शब्द वर आले. कोंबडा गंजून बसला आहे, धोकादायक आहे, वीस फेब्रुवारीच्या शुक्रवारी कापून काढायचा आणि भंगारात द्यायचा. जुळ्या गावांच्या कागदाला यंदा सत्तर वर्षे होत आहेत, पुन्हा सह्या करायची वेळ आली आहे. पण समितीत माणसे तीन. कोंबडाच राहिला नाही तर कार्डे कसली लिहायची? तोही कागद तसाच संपू द्यावा, असे बहुतेकांचे मत पडले.

काका फार चिडले. त्यांनी गावच्या साप्ताहिकात पत्र लिहिले. पालिकेने आणि डोनाबाईंनी वर्षानुवर्षे दुर्लक्ष केले म्हणून हा ऐतिहासिक ठेवा अडकून बसला, असे त्यात होते. काकूंनी ते पत्र बाकावर बसून शुभामावशीला कौतुकाने वाचून दाखवले. मलाही वाटले, कोणीतरी आहे आपल्या बाजूने.

शुक्रवारच्या तीन दिवस आधी हाइडनफुर्टहून पत्र आले. खाली सभागृहात शेवटची बैठक होती. डोनाबाई होत्या, समितीची दोन म्हातारी माणसे होती, काका आणि काकू होते. पत्र इर्मगार्डबाईंचे होते. होय, लाल बुटांची तीच. आता त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि आपल्या वडिलांच्या मागे तिकडची कार्डे त्याच लिहितात. काकांनी पत्र मोठ्याने वाचायला घेतले.

‘‘प्रिय मित्रांनो, चार महिने तुमच्याकडून एकच वारा येतो आहे. आमच्या सत्तर वर्षांच्या वह्यांत असे कधी झालेले नाही. तुमचा कोंबडा आजारी आहे का? निळ्या डबीतलेच वंगण घातले होते ना? थंडीत न गोठणारे ते एकच आहे.’’

काका वाचता वाचता थांबले. मग काकू मराठीत, हळूच बोलल्या.

‘‘अहो, त्या दिवशी डबी घरी राहिली होती ना?’’

‘‘हळू बोल.’’

‘‘मराठी कोणाला कळतंय इथे? अहो, खोबरेल घातलंत तुम्ही. घरी हीटिंग चालू असून माझी बाटली रोज सकाळी गरम पाण्यात ठेवावी लागते. वर तर सगळं बर्फ आहे. थिजलंय ते तेल!’’

‘‘मला कळलं ते.’’

‘‘मग सांगा ना त्यांना.’’

‘‘काय सांगू? पेपरात एवढं लिहिलंय त्यांच्याविरुद्ध. आणि ते अक्षर त्या मुलीच्या... सुमित्रा, लोक काय म्हणतील? मी तीस वर्षं इंजिनिअर होतो या गावात.’’

डोनाबाईंनी विचारले, ‘‘गुरु, सगळं ठीक आहे ना?’’

‘‘ठीक आहे,’’ काका इंग्रजीत म्हणाले. ‘‘पत्र संपलं.’’

पत्र संपले नव्हते. पण कागद घडी करून खिशात गेल्याचा आवाज मी ऐकला.

मित्रांनो, मी म्हातारा झालो नव्हतो! मी गंजलो नव्हतो! नुसते तेल थिजले होते. हे त्या क्षणी जगात तिघांनाच ठाऊक होते. त्यांतले दोघे गप्प होते आणि तिसरा कोंबडा होता. मला काकांचा राग यायला हवा होता. पण मला तो आला नाही, कारण काकांच्या आवाजात जी भीती होती ती मी चांगली ओळखतो. ती माझीच होती. घाबरलेला जीव हलत नाही, जिथे असतो तिथेच घट्ट बसून राहतो आणि पूर्व, पूर्व असेच सांगत राहतो.

बुधवार गेला. गुरुवार गेला. काका आले नाहीत. काकू बाकावर आल्या नाहीत. मी पूर्वेकडे बघत उभा होतो, आणि जितके आठवता येईल तितके आठवून घेत होतो. माझा भाऊ पहिल्या तारखेला कुठे बघत असेल, त्याला कोण सांगेल?

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता ट्रक आला. पाळण्यात रॉय नावाचा पालिकेचा कामगार होता आणि त्याच्या हातात करवत होती. खाली डोनाबाई, दोरीपलीकडे दहाबारा माणसे. हिरव्या टोपीची मुलगीही आईचा हात धरून उभी होती. पाळणा वर येऊ लागला. करवतीचे दाते मला दिसले. उत्तरेचा वारा सुरू झाला होता आणि माझा दांडा कुरकुरत होता. मी डोळे मिटून घेतले असते, पण तांब्याच्या डोळ्यांना पापण्या नसतात.

तेवढ्यात एक गाडी अंगणात शिरली आणि वाकडीतिकडी थांबली. काका उतरले. डोक्यावर टोपी नाही, हातात दोन रबरी पिशव्या, पोटाशी धरलेल्या. त्यांतून वाफ येत होती. मागून काकू, हातात निळी डबी.

‘‘डोना, थांबवा!’’ काका ओरडले. मग ते दोरीपाशी गेले आणि सगळ्यांसमोर उभे राहिले. ‘‘कोंबडा गंजलेला नाही. पालिकेची काही चूक नाही. ऑगस्टमध्ये वंगणाची डबी मी घरी विसरलो आणि खोबरेल तेल घातलं. ते थंडीत गोठतं. म्हणून तो अडकला, म्हणून ते अक्षर पडलं. मंगळवारी मला कळलं होतं आणि मी बोललो नाही.’’ मग ते त्या मुलीच्या आईकडे वळले. ‘‘माझ्यामुळे झालं. मला माफ करा.’’

मुलीच्या आईने मान दुसरीकडे फिरवली. डोनाबाईंचा चेहरा कडक झाला होता.

‘‘गुरु, तिथे मुलं होती.’’

‘‘हो.’’

‘‘आणि तू पेपरात माझं नाव घेतलंस.’’

‘‘हो. ते पत्र मी परत घेतो. पण त्याला कापू नका. मला पंधरा मिनिटं द्या.’’

डोनाबाईंनी वर माझ्याकडे बघितले, मग त्या पिशव्यांकडे. ‘‘ते काय आहे?’’

काकू पुढे झाल्या. ‘‘हॉट वॉटर बॅग. एक यांच्या पाठीची, एक माझ्या गुडघ्याची.’’

कोणीतरी हसले. डोनाबाई हसल्या नाहीत. त्यांनी घड्याळ बघितले आणि रॉयला हात केला.

काका वर आले. रॉयने मला दोन्ही हातांनी धरले आणि काकांनी त्या पिशव्या माझ्या खुंटाभोवती गुंडाळून वर आपला मफलर घट्ट बांधला. चार महिन्यांनी मला ऊब लागली. काका माझ्या पोटाशी तोंड आणून मराठीत पुटपुटत होते, ‘‘फिर रे बाबा. एकदा फिर.’’ पाच मिनिटे गेली. दहा गेली. मला भयंकर भीती वाटत होती. तेल सुटले आणि मीच फिरलो नाही तर? इतके दिवस अडकून राहिल्यावर फिरायचे कसे तेच विसरलो असेन तर?

मग खुंटात काहीतरी हलले. एक थेंब खाली सरकला. रॉयच्या टोपीवर पडला. त्याने वास घेतला आणि म्हणाला, ‘‘हे तर कुकीसारखं आहे.’’ त्याने मला सोडले. उत्तरेचा वारा आला, माझ्या शेपटाला लागला, आणि मी वळलो. आधी इंचभर, करकरत. मग पुरता! चोच उत्तरेकडे झाली आणि वारा माझ्या दोन्ही बाजूंनी निसटून गेला. दांड्याची कुरकुर थांबली. खाली टाळी एकट्या हिरव्या टोपीने वाजवली, पण ती मला दोनशे ऐंशी वर्षांपूर्वीच्या टाळ्यांपेक्षा मोठी वाटली.

काकांनी सगळे खोबरेल पुसून काढले, निळ्या डबीतले वंगण घातले. पडलेले अक्षर दोन खिळ्यांनी परत बसवले. खाली आल्यावर त्यांनी डोनाबाईंच्या हातात चिटणीसपदाचा राजीनामा दिला, आणि त्यांनी तो घेतला. मला वाटले होते त्या ‘राहू दे’ म्हणतील. त्या तसे म्हणाल्या नाहीत. पुढच्या सभेत जुळ्या गावांच्या कागदावर सह्या झाल्या, पण दहा वर्षांसाठी नाही, दोनच वर्षांसाठी. बघू, असे म्हणाले लोक. मी त्या दोन वर्षांवर समाधानी आहे. भित्र्याला दोन वर्षे पुष्कळ होतात.

पहिल्या मार्चचे कार्ड सुमित्राकाकूंनी लिहिले. ‘मेपल बेंड. पहिली मार्च. वायव्य.’ खाली थोडी जागा होती. काकू काकांना म्हणाल्या, ‘‘ते तुम्ही लिहा.’’ काकांनी लिहिले, ‘नोव्हेंबर ते फेब्रुवारीची पूर्व चुकीची आहे. कोंबड्याचा दोष नाही, माझा आहे.’

मार्चच्या शेवटी उत्तर आले. काकूंनी ते बाकावर बसून काकांना मराठीत वाचून दाखवले, त्यामुळे मला शब्दन्‌शब्द ऐकू आला.

‘‘प्रिय गुरुनाथ, १९६३ च्या हिवाळ्यात आमचा कोंबडा अडीच महिने बर्फात अडकला होता. तेव्हा कार्डे माझे वडील लिहीत. ज्या गावाने आपल्या मुलीच्या पायात बूट घातले त्याला आपला कोंबडा अडकला हे कसे कळवायचे, याची त्यांना लाज वाटली. त्यांनी तीन महिने मनानेच वारे लिहिले. जानेवारी दक्षिण, फेब्रुवारी पश्चिम, मार्च दक्षिण. ते त्याबद्दल वर्षानुवर्षे कोणाला बोलले नाहीत. मला त्यांनी शेवटच्या आजारात सांगितले, आणि मीही आजवर गप्प राहिले. तुमचे कार्ड वाचले आणि मला धीर आला. कृपा करून तुमच्या वहीतले ते तीन वारे खोडून टाका.’’

काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग दोघे आत गेले. काचेचे कपाट उघडल्याचा आवाज आला.

‘‘खोडायचे?’’ काकांनी विचारले.

‘‘नको,’’ काकू म्हणाल्या. ‘‘राहू देत. शेजारी लिहा, हे वडिलांनी मनाने लिहिले. आणि आपल्या चार पूर्वांच्या शेजारी लिहा, खोबरेल.’’

मित्रांनो, त्या वहीत ते आता तसे लिहिलेले आहे. कधी या गावात आलात तर बघा.

मी अजून भित्राच आहे. आत्ताच पश्चिमेला ढग दिसत आहेत आणि माझे शेपूट थरथरू लागले आहे. दोन वर्षांनी काय होईल ते मला ठाऊक नाही. पण तुम्हाला एक विनंती करतो. तुमच्या गावातही कुठेतरी एखादी जुनी वस्तू तुमच्यासाठी उभी असेल. तिला योग्य तेच वंगण घाला, आणि चुकून दुसरे घातलेत तर सांगून टाका. आम्हाला चुका चालतात. गप्प राहणे मात्र फार जड जाते.

आणि महिन्यातून एकदा मान वर करून बघा. आज पहिली तारीख आहे. बारा वाजायला आले आहेत. खाली फाटक वाजले. काकू पुढे, काका मागे, आणि आज त्यांच्यामध्ये हिरव्या टोपीची ती मुलगीही आहे. तिच्या आईने तिला पाठवले आहे. तिघे दोरीच्या जुन्या खुणेपाशी थांबले. आधी त्यांनी झेंड्याकडे बघितले. आता ते माझ्याकडे बघत आहेत.